झेड ड्राइव्ह नेमका असतो कुठे?

संगणक सुरू केल्यावर 'सी' आणि 'डी' या परिचित ड्राइव्हच्या खाली एखाद्या दिवशी 'झेड' असे नवे नाव दिसू लागते. त्यावर दोनदा क्लिक केले की फोल्डर उघडते. फाइली दिसतात, त्या ओढून डेस्कटॉपवर आणता येतात, त्यांची नावे बदलता येतात, नको असलेल्या पुसताही येतात. हे सारे आपल्याच टेबलाखालच्या यंत्रात घडत असावे, असे वाटण्याइतके ते साधे असते. प्रत्यक्षात त्या फाइली शेकडो किंवा हजारो किलोमीटर दूरच्या एखाद्या सर्व्हरवर असतात. ज्या वेबवरून बातम्या वाचल्या जातात आणि रेल्वेची तिकिटे काढली जातात, त्याच वाटेने त्या ये-जा करीत असतात.

लहान कार्यालये, शाळा, प्रकाशन संस्था, सनदी लेखापाल अशा अनेक ठिकाणी ही सोय आता रुळलेली आहे. मात्र तिच्याविषयीचा एक समज अजून तसाच आहे. पडद्यावर जे ड्राइव्हसारखे दिसते ते ड्राइव्हसारखेच वागेल, असे बहुतेकजण गृहीत धरतात. वास्तविक 'झेड' हा ड्राइव्हचा मुखवटा आहे. हा मुखवटा जेथे सैल होतो, नेमके तेथेच कोणाचे तरी दिवसभराचे काम नाहीसे होते.

एखाद्या दिवाळी अंकाचे उदाहरण घेऊ. संपादक पुण्यात आहे, मुद्रितशोधक दादरला घरी बसून काम करतो, पानांची मांडणी कोल्हापुरात होते आणि छपाई आणखी कोठे. सारे लेख एका सर्व्हरवर ठेवलेले आहेत आणि प्रत्येकाच्या संगणकावर तो सर्व्हर 'झेड' म्हणून जोडलेला आहे. मुद्रितशोधकाने सकाळी अकरा वाजता एक लेख उघडला आणि तीन तास बसून शुद्धलेखन तपासले. त्याच लेखातील एक परिच्छेद गाळायचा म्हणून संपादकाने साडेअकराला तोच लेख उघडला. मुद्रितशोधकाने दोन वाजता फाइल जतन केली, संपादकाने सव्वादोनला. दोघांनाही 'जतन झाले' असाच संदेश मिळाला. सर्व्हरवर मात्र उरला तो संपादकाचा लेख, म्हणजे एक परिच्छेद गाळलेला आणि साऱ्या जुन्या चुका कायम असलेला. कोल्हापुरात तोच पानावर लागला आणि तोच छापून आला. यात यंत्र बिघडले नाही आणि कोणी निष्काळजीपणाही केला नाही. संगणकशास्त्रात या प्रकाराला 'हरवलेला बदल' असे नावच आहे आणि दूरच्या फाइली जोडण्याच्या पद्धती तयार होऊ लागल्या तेव्हापासून तो ठाऊक आहे.

एका भारतीय अभियंत्याची सुरुवात

दूरच्या संगणकावरील फाइल मिळवण्याचा पहिला गाजलेला मार्ग म्हणजे एफटीपी. त्याचा पहिला लिखित आराखडा १६ एप्रिल १९७१ चा. तो लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून पदवी घेऊन अमेरिकेत एमआयटीमध्ये गेलेले अभियंते. तेव्हा वेब नव्हते. अर्पानेट या जाळ्यावर विद्यापीठांचे आणि प्रयोगशाळांचे मोजके मोठे संगणक होते आणि त्यांचा वापर करणारी माणसे बहुधा एकमेकांना ओळखत होती. त्या वातावरणात पासवर्ड उघड अक्षरांत तारेवरून पाठवण्यात कोणाला धोका दिसला नाही. १९८५ मध्ये एफटीपीचा सुधारित आराखडा आला, तरी हे वैशिष्ट्य तसेच राहिले. वाटेत कोणी कान लावून बसला असेल तर त्याला नाव, पासवर्ड आणि फाइल असे तिन्ही वाचता येते.

हा केवळ कल्पनेतला धोका नव्हता. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असा पासवर्ड टिपण्याचा प्रकार घडल्यानंतर तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही सांकेतिक संदेशवहनाची पद्धत तयार केली. पुढे तिच्याच आधाराने एसएफटीपी आली. नावे सारखी असल्यामुळे अनेकांचा येथे घोटाळा होतो. एसएफटीपी ही एफटीपीची सुधारलेली आवृत्ती नसून वेगळ्याच घराण्यातली पद्धत आहे. जुन्या एफटीपीलाच सांकेतिक आवरण चढवले की तिला एफटीपीएस म्हणतात. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने या तीनपैकी नेमके काय दिले आहे, हे एका अक्षराच्या फरकावरून पाहून घ्यावे लागते.

ब्राउझरनी तर एफटीपीशी असलेले नाते तोडूनच टाकले. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरमधून ही सोय २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली. फाइलझिला किंवा विनएससीपी यांसारख्या स्वतंत्र प्रोग्रॅममधून एफटीपी आणि एसएफटीपी आजही वापरता येतात. पण तेथे 'झेड' ड्राइव्ह मिळत नाही. पडद्याच्या एका बाजूला आपल्या फाइली आणि दुसऱ्या बाजूला सर्व्हरच्या, असे दोन कप्पे दिसतात. फाइल आणायची, तिच्यावर काम करायचे आणि पुन्हा नेऊन ठेवायची. काहीसे गैरसोयीचे, पण प्रामाणिक. फाइल कोठे आहे याविषयी वापरकर्त्याच्या मनात कोणताही संभ्रम राहत नाही.

कार्यालयाच्या चार भिंतींतले चित्र वेगळे होते. तेथे विंडोज संगणक एकमेकांना जोडण्यासाठी एसएमबी ही पद्धत चालते आणि ड्राइव्हला अक्षर देण्याची सवय तिनेच लावली. ही पद्धत थेट इंटरनेटवर उघडी ठेवणे मात्र घातक ठरते. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषातूनच पसरला होता. एसएमबी ज्या दारातून ये-जा करते ते ४४५ क्रमांकाचे पोर्ट अनेक इंटरनेट सेवा कंपन्या आपल्या पातळीवरच बंद ठेवतात. कार्यालयातील सर्व्हर घरून जोडून पाहणाऱ्यांना 'पत्ता सापडत नाही' असे उत्तर मिळते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

वेबला लिहायला शिकवणारे सात शब्द

वेब मुळात केवळ वाचण्यासाठी जन्मलेले नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पाने वाचता येत तशी ती संपादितही करता येत. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरमध्ये हा भाग गळून पडला आणि वेब म्हणजे एकतर्फी वाचनालय झाले. ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न म्हणजे वेबडॅव्ह. कॅलिफोर्नियातील संशोधक जिम व्हाइटहेड यांच्या पुढाकाराने त्यावर काम झाले आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याचे पहिले प्रमाणक प्रसिद्ध झाले. आज चालणारे सुधारित प्रमाणक जून २००७ चे आहे.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण ज्या भाषेत चालते ती एचटीटीपी. तिच्यात 'हे पान दे', 'हे पान ठेव', 'हे पान पूस' अशा आज्ञा आधीपासून होत्या. वेबडॅव्हने तिच्यात सात नव्या आज्ञांची भर घातली. फोल्डरमध्ये काय काय आहे ते सांग, फाइलविषयीची माहिती बदल, नवे फोल्डर तयार कर, प्रत काढ, जागा बदल, कुलूप लाव आणि कुलूप काढ. एवढ्या शब्दसंग्रहावर वेबचा सर्व्हर फोल्डरसारखा वागू शकतो. हे संभाषण नेहमीच्या सुरक्षित संकेतस्थळाच्याच दारातून, म्हणजे ४४३ क्रमांकाच्या पोर्टमधून होते. त्यामुळे ज्या हॉटेलात, महाविद्यालयात किंवा कंपनीत अन्य वाटा अडवलेल्या असतात तेथेही वेबडॅव्ह सहसा चालते. त्याच्या प्रसाराचे मुख्य कारण हेच.

वेबडॅव्ह या नावातील शेवटचे अक्षर 'व्ही' हे 'व्हर्जनिंग'चे, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपण्याचे. गंमत अशी की १९९९ च्या प्रमाणकात नेमकी हीच गोष्ट नव्हती. ती पुढे २००२ मध्ये वेगळ्या प्रमाणकात आली आणि थोड्याच सर्व्हरनी ती स्वीकारली. तेव्हा नावात आहे म्हणून जुनी प्रत मिळेलच, असे कोणी समजू नये. दिवाळी अंकाच्या उदाहरणातील मुद्रितशोधकाची प्रत परत मिळेल की नाही, हे सर्व्हरवर कोणता प्रोग्रॅम बसवला आहे आणि त्यात जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय सुरू आहे का, यावर अवलंबून राहते.

जोडणी आणि तिचे रुसवे

विंडोजमध्ये ही जोडणी करण्यासाठी 'धिस पीसी' उघडून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडावे लागते. विंडोज स्वतःहून वर्णमालेच्या शेवटून अक्षर सुचवते, म्हणून बहुतेकांच्या वाट्याला 'झेड' येतो. त्याखालच्या चौकटीत सर्व्हरचा संपूर्ण पत्ता द्यायचा. येथे केवळ संकेतस्थळाचे नाव पुरत नाही. फाइली ज्या वाटेवर ठेवल्या आहेत ती पूर्ण वाट लिहावी लागते आणि ती सर्व्हरच्या सेटिंगच्या पानावर दिलेली असते. पत्त्याची सुरुवात 'एचटीटीपीएस' अशीच हवी. शेवटचा 'एस' नसेल तर विंडोज व्हिस्टापासूनच्या आवृत्त्या साधा पासवर्ड पाठवायलाच नकार देतात आणि पासवर्ड बरोबर असूनही खिडकी पुन्हा पुन्हा तोच विचारत राहते. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून ही अडवणूक दूर करण्याचा उपाय अनेक ठिकाणी सुचवलेला आढळतो. तो करणे म्हणजे दाराचे कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे आहे. सर्व्हरला सुरक्षा प्रमाणपत्र बसवून घेणे हाच खरा उपाय. 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेकडून असे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते.

दुसरा रुसवा अधिक गोंधळात टाकणारा आहे. विंडोजमध्ये वेबडॅव्हचे काम 'वेबक्लायंट' नावाची एक सेवा पडद्यामागे राहून करते. ती सुरू नसेल तर 'एरर ६७, नेटवर्कचे नाव सापडत नाही' असा संदेश येतो आणि वापरकर्ता अर्धा दिवस पत्त्यातील चूक शोधत बसतो. पत्ता अगदी बरोबर असतो. सेवांच्या यादीत जाऊन 'वेबक्लायंट' सुरू केली की ड्राइव्ह निमूटपणे जोडला जातो. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ मध्ये ही सेवा कालबाह्य ठरवल्याचे जाहीर केले आहे. ती विंडोजमध्ये आपोआप सुरू होत नाही आणि पुढे केव्हा तरी काढून टाकली जाऊ शकते. नव्याने व्यवस्था उभारणाऱ्या कार्यालयांनी हे लक्षात घेतलेले बरे. 'आरक्लोन' किंवा 'सायबरडक' यांसारखे स्वतंत्र प्रोग्रॅम या सेवेवर अवलंबून नाहीत.

मॅक संगणकावर फाइंडरच्या 'गो' यादीतील 'कनेक्ट टू सर्व्हर' येथे तोच पत्ता दिला की काम होते. लिनक्सवरील फाइल व्यवस्थापकातही अशी सोय आहे. फक्त तेथे पत्त्याच्या आरंभी 'डीएव्हीएस' असे लिहावे लागते.

सर्व्हरच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असेल, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरचा आकडाही विचारला जात असेल, तर ड्राइव्हच्या खिडकीत तो आकडा भरायला जागाच नसते. अशा वेळी नेक्स्टक्लाउडसारख्या प्रणालीत त्या एका संगणकापुरता वेगळा 'ॲप पासवर्ड' तयार करून तोच द्यायचा असतो. लॅपटॉप हरवला तर तेवढाच रद्द करता येतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

सर्व्हर भाड्याचा नसून कार्यालयातच ठेवलेला असेल, तर आणखी एक अडसर येऊ शकतो. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. शेकडो ग्राहक एकाच पत्त्याआड असतात. आतून बाहेर जाता येते, पण बाहेरून आत येण्यासाठी दारावर पाटीच नसते. त्यासाठी सेवा कंपनीकडून निश्चित पत्ता मागून घ्यावा लागतो किंवा व्हीपीएनसारखा मार्ग काढावा लागतो.

मुखवट्यामागे

जोडणी यशस्वी झाल्यावर एक छोटासा प्रयोग करण्याजोगा आहे. 'झेड'वर उजवे क्लिक करून त्याची एकूण आणि मोकळी जागा पाहावी. सर्व्हरने जागेचा हिशेब कळवलेला नसेल, तर विंडोज तेथे चक्क आपल्याच 'सी' ड्राइव्हचे आकडे दाखवते. पाच गिगाबाइटच्या खात्यावर पाचशे गिगाबाइट मोकळी असल्याचे दिसते. वापरकर्ता निश्चिंतपणे फाइली टाकत राहतो आणि एके दिवशी सर्व्हर जागा संपल्याचे सांगून हात वर करतो.

फाइल उघडण्याची रीतही ड्राइव्हसारखी नाही. आपल्या चकतीवरील फाइलचे हवे तेवढेच तुकडे प्रोग्रॅम वाचतो. 'झेड'वरील फाइल मात्र आधी संपूर्ण उतरवून संगणकाच्या एका तात्पुरत्या कोपऱ्यात ठेवली जाते आणि तेथून उघडली जाते. जतन करताना ती पुन्हा संपूर्ण वर चढते. चाळीस मेगाबाइटची फाइल सेकंदाला आठ मेगाबिट वेगाने उतरायला किमान चाळीस सेकंद लागतात. तीच चढवताना वेग सेकंदाला एकच मेगाबिट असेल, तर पाच मिनिटांहून अधिक वेळ जातो. एक स्वल्पविराम बदलला तरी एवढाच वेळ. अनेक जोडण्यांमध्ये उतरवण्याच्या मानाने चढवण्याचा वेग कमी असतो आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो उतरवण्याचा. या पाच मिनिटांत वीज गेली किंवा लॅपटॉपचे झाकण बंद झाले, तर सर्व्हरवर जुनी फाइल राहील, अर्धवट नवी राहील की काहीच राहणार नाही, हे त्या त्या सर्व्हरच्या रचनेवर ठरते. बदललेली प्रत कदाचित तात्पुरत्या कोपऱ्यात पडून असेल, पण तेथपर्यंत सामान्य वापरकर्ता सहसा पोहोचत नाही.

विंडोजने यावर एक मर्यादाही घातलेली आहे. वेबडॅव्हमधून पाच कोटी बाइटपेक्षा, म्हणजे साधारण ४८ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल मूळ रचनेत उतरवता येत नाही. ही मर्यादा रजिस्ट्रीतून वाढवता येते, तीही चार गिगाबाइटपर्यंतच. फोल्डरच्या यादीसाठीही अशीच एक मर्यादा असल्याने एकाच फोल्डरमध्ये हजारो फाइली कोंबल्या तर यादी येत नाही. छायाचित्रांनी भरलेल्या दिवाळी अंकाच्या पानांच्या फाइली ही रेषा सहज ओलांडतात. मांडणीकाराने अशा फाइली आपल्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, काम तेथेच करावे आणि दिवसअखेर परत नेऊन ठेवाव्यात, हाच शहाणपणाचा मार्ग. थेट 'झेड'वर मांडणी करणे म्हणजे प्रत्येक वेळी जतन करताना जुगार खेळणे होय.

कुलूप खरे की खोटे

आता पुन्हा त्या हरवलेल्या बदलाकडे. वेबडॅव्हच्या सात आज्ञांपैकी दोन कुलपाच्या आहेत, त्या याच कारणासाठी. मुद्रितशोधकाने लेख उघडताच त्याच्या प्रोग्रॅमने सर्व्हरकडे कुलूप मागायचे. सर्व्हर त्याला एक खूण देतो आणि ती खूण दाखवणाऱ्यालाच फाइल बदलू देतो. संपादकाने नंतर तोच लेख उघडला तर 'ही फाइल दुसऱ्याच्या हाती आहे, फक्त वाचता येईल' असे उत्तर मिळते. मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखे प्रोग्रॅम हे कुलूप स्वतःहून मागतात. नोटपॅडसारखे साधे प्रोग्रॅम असल्या फंदात पडत नाहीत. दोघांपैकी एकाने एका प्रकारचा आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारचा प्रोग्रॅम वापरला, तर काय होईल हे सांगणे अवघड.

कुलपाला मुदत असते. मुद्रितशोधकाचा संगणक मध्येच बंद पडला तर कुलूप काढणारा कोणी उरत नाही आणि मुदत संपेपर्यंत संपादकाला लेखाला हात लावता येत नाही. अशा वेळी वैतागून लेखाची 'अंतिम २' अशी दुसरी प्रत काढली जाते. पुढे 'अंतिम ३' येते आणि छापखान्यात कोणती गेली याचा पत्ता कोणालाच लागत नाही. मुदत संपेपर्यंत थांबणे किंवा सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडून कुलूप काढून घेणे, हे कंटाळवाणे असले तरी कमी नुकसानीचे.

याहून महत्त्वाची गोष्ट क्वचितच कोणी सांगते. कुलपाची सोय सर्व्हरने दिलीच पाहिजे असे बंधन प्रमाणकात नाही. कुलूप नसलेला सर्व्हरही वेबडॅव्हचा सर्व्हर म्हणवून घेऊ शकतो. मात्र विंडोज आणि मॅक यांची जोडणी कुलूप मिळाल्याशिवाय लिहायला धजत नाही. या पेचावर काही सर्व्हरनी तोडगा काढला आहे, तो म्हणजे खोटे कुलूप देण्याचा. ओनक्लाउड आणि नेक्स्टक्लाउड या मुक्तस्रोत प्रणालींच्या संहितेत तर 'फेक लॉकर' याच नावाचा भाग आहे. मागणाऱ्याला कुलूप मिळाल्याचे सांगितले जाते, पण दुसऱ्याला अडवले जात नाही. नेक्स्टक्लाउडमध्ये खऱ्या कुलपासाठी वेगळी पुरवणी बसवता येते. ती बसवली आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

तपासण्याचा एक सोपा मार्ग आहे. कामाला सुरुवात करण्यापूर्वी दोन संगणकांवर 'झेड' जोडावा, एखादी निरुपयोगी वर्ड फाइल एकावर उघडावी आणि ती तशीच उघडी ठेवून दुसऱ्यावर उघडावी. दुसऱ्या संगणकाने 'फक्त वाचता येईल' असे सांगितले तर ठीक. दोन्हीकडे जतन करता आले, तर एका लेखावर एका वेळी एकानेच काम करायचे, हा नियम माणसांनाच पाळावा लागेल. फोनवरून सांगून किंवा लेखाच्या नावापुढे आपले नाव लावून, कसेही.

नाव एक, फाइली दोन

मराठी वापरकर्त्यांसाठी एक स्वतंत्र अडचण आहे आणि इंग्रजी मार्गदर्शक पुस्तिकांत तिचा उल्लेख सापडत नाही. फाइलीचे नाव देवनागरीत दिले तर युनिकोडच्या नेहमीच्या साठवणुकीत प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. येथे काना, वेलांटी, अनुस्वार ही प्रत्येक वेगवेगळी चिन्हे धरली जातात. लिनक्सच्या प्रचलित सर्व्हरवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते, म्हणजे इंग्रजीत २५५ अक्षरे, पण देवनागरीत ८५ चिन्हे. वेबच्या पत्त्यात तर एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. 'दिवाळी अंक' हे साधे नाव पत्त्यात ८४ अक्षरांचे बनते. लेखाचे पूर्ण शीर्षक, लेखकाचे नाव आणि तारीख असे लांबलचक नाव देण्याची सवय असलेल्यांची फाइल घरच्या संगणकावर नीट राहते आणि सर्व्हर मात्र ती नाकारतो.

त्याहून चमत्कारिक प्रकार आहे आखूड 'र'चा. 'साताऱ्याचा' किंवा 'वऱ्हाड' या शब्दांतला 'ऱ्' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्यासाठी नुक्ता असलेले वेगळेच 'ऱ' वापरले जाते. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. सर्व्हरच्या दृष्टीने मात्र ती दोन भिन्न नावे असतात. पुण्यातील संगणकावर एका कळफलकाने आणि कोल्हापुरात दुसऱ्या कळफलकाने नाव टंकले, तर एकाच फोल्डरमध्ये 'वऱ्हाडातील दिवस' नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी उभ्या राहतात. एकीत शुद्ध केलेला मजकूर, दुसरीत जुना. शोध घेतला तर त्यांतली एकच सापडते. फाइलीला क्रमांक किंवा लहान रोमन नाव द्यावे आणि मराठी शीर्षक फाइलीच्या आत ठेवावे, ही युक्ती भाषाप्रेमींना रुचणार नाही, पण उपयोगी पडते.

सर्व्हरवर ठेवले म्हणजे सुरक्षित, हाही असाच एक मुखवटा. खंडणीखोर प्रोग्रॅम संगणकात शिरला की तो 'सी' आणि 'झेड' असा भेद करीत नाही. ज्या ड्राइव्हवर वापरकर्त्याला लिहिता येते, त्यावर त्यालाही लिहिता येते. सर्व्हरवरील साऱ्या लेखांची कुलूपबंद चिन्हे एका दुपारीत होऊ शकतात. म्हणून काम संपल्यावर ड्राइव्ह तोडून ठेवणे आणि सर्व्हरवरील मजकुराची एक प्रत कोणत्याही संगणकाला जोडलेली नाही अशा ठिकाणी ठेवणे आवश्यक ठरते.

ड्राइव्ह तोडायला अनेकजण घाबरतात. 'डिस्कनेक्ट' म्हटले की सर्व्हरवरच्या फाइली पुसल्या जातील, अशी त्यांची समजूत असते. तसे काही होत नाही. पुसले जाते ते केवळ 'झेड' हे अक्षर. मात्र उघड्या फाइली आधी जतन करून बंद कराव्यात आणि त्या वर चढेपर्यंत थांबावे. जोडताना पासवर्ड लक्षात ठेवण्याच्या चौकटीत खूण केली असेल, तर ड्राइव्ह तोडल्यावरही तो पासवर्ड संगणकातच राहतो. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम केलेल्यांनी 'कंट्रोल पॅनेल'मधील 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडून सर्व्हरच्या नावासमोरची नोंद वेगळी काढून टाकावी लागते.